पुण्यातल्या शाळेत समुद्र शिकवायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची

शाळेत "समुद्र वाचवा" असा उपक्रम घ्यायचं ठरतं आणि पुण्यातल्या शिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो: इथे समुद्र आहे कुठे? सरळ रेषेत मोजलं तर अरबी समुद्र साधारण शंभर किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री. वर्गातल्या कितीतरी मुलांनी तो फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. मग चित्रकला स्पर्धा होते, निळा रंग संपतो, घोषणा होतात आणि विषय बंद.

मी सिंहगड रस्त्याजवळच्या एका शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवते. पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर हे काम करताना जे हाती लागलं ते क्रमाने मांडते आहे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्या शिक्षकांना आणि सोसायटीत मुलांचा गट चालवणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा. माझं म्हणणं एकच आहे. समुद्र पुण्यापर्यंत येतो, आणि पुण्यातून समुद्रापर्यंत बरंच काही जातं. मुलांना हे जाणं-येणं आधी दाखवा. किनारा शेवटी दाखवला तरी चालेल, पण तोपर्यंत मुलं तो बघायला तयार झालेली असतील.

1. पहिल्या दिवशी कचरा दाखवू नका

बहुतेक जण इथेच घसरतात. पहिल्याच तासाला गळ्यात प्लास्टिक अडकलेल्या कासवाचा फोटो आणि भीती घालणारे आकडे. मुलं गप्प होतात, दोन दिवस हळहळतात आणि विसरतात. ज्याची ओळखच नाही त्याची काळजी त्यांनी का करावी? आधी दोन-तीन महिने नुसती ओळख होऊ द्या. प्राणी, पाणी, लाटा, मासे, मीठ. कचऱ्याचा विषय मुलं स्वतःच काढतात, आणि तेव्हा तो खूप आत उतरतो.

तासिका वेगळी मिळणार नाही, ती मागतही बसू नका. बालभारतीच्या आतापर्यंतच्या भूगोलात सहावीला महासागरांचं महत्त्व, सातवीला भरती-ओहोटी आणि आठवीला सागरतळरचना व सागरी प्रवाह असे धडे आहेत. उपक्रम त्या धड्यांना जोडला की मुख्याध्यापकही "अभ्यासक्रम मागे पडतो" असं म्हणत नाहीत.

तारखेचाही एक घोळ आहे. जागतिक महासागर दिन 8 जूनला असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. जूनच्या शेवटी तो ओढूनताणून साजरा करण्यापेक्षा नारळी पौर्णिमा धरा. पावसाळ्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यानंतर कोळी बांधव दर्याला नारळ देऊन पुन्हा होड्या लोटतात. एका सणात विज्ञान, उपजीविका आणि संयम असे तिन्ही विषय येतात.

2. नकाशावर मुठेचं बोट धरून चाला

एका तासात सगळ्यात जास्त परिणाम साधणारी गोष्ट कोणती, असं मला विचाराल तर ही. मुलांना विचारा, "मुठेत टाकलेली बाटली कुठल्या समुद्रात जाईल?" जवळजवळ सगळी मुलं अरबी समुद्र सांगतात. सांगू द्या, फळ्यावर लिहून ठेवा.

मग महाराष्ट्राचा आणि भारताचा प्राकृतिक नकाशा शेजारी शेजारी लावा. जाड लोकरीचा धागा आणि टाचण्या घ्या. टेमघरपासून मुठा, खडकवासला, मग पुण्यात संगमाला मुळा-मुठा एक होतात. पुढे रांजणगाव सांडसजवळ ती भीमेला मिळते. मग उजनी. मग पंढरपूर. घरात वारीची परंपरा असलेलं एखादं मूल इथे हमखास ओरडतं, "म्हणजे चंद्रभागेत आपलंच पाणी?" हो, आपलंच. भीमा कर्नाटकात शिरते, रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा करत आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते. धागा नकाशाच्या उजव्या कडेला पोहोचलेला असतो, म्हणजे बंगालच्या उपसागरात. शंभर किलोमीटरवरचा समुद्र सोडून आपली नदी हजार किलोमीटरहून लांबच्या समुद्राला जाते, हे मुलांनी स्वतःच्या बोटांनी शोधलेलं असतं.

इथे प्रामाणिक राहा. टाकलेली प्रत्येक बाटली समुद्रात पोहोचते असं सांगू नका. वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, बरंच काही गाळात रुततं, काठावर अडकतं, उन्हाने झिजून बारीक होतं. मुलं हुशार असतात, "उजनीत अडकत नाही का?" असं विचारतात. त्या प्रश्नाला मनापासून शाबासकी द्या. अडकतं, आणि मग ते उजनीच्या माशांच्या आणि पाणी पिणाऱ्या गावांच्या वाट्याला येतं.

वरच्या वर्गासाठी आणखी एक गंमत आहे. मुळशी धरणाचं पाणी विजेसाठी बोगद्यातून आणि नळांतून कोकणात भिरा इथे उतरवलं जातं. तिथून ते कुंडलिका नदीत जातं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात. म्हणजे मुळेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा एक वाटा माणसाने पश्चिमेला वळवला आहे. दुसऱ्या रंगाचा धागा घेऊन तोही लावा.

हा नकाशा वर्षभर भिंतीवरून काढू नका. पुढची प्रत्येक गोष्ट त्यावरच टाचायची आहे.

3. पावसाळ्यात ढगांकडे बघा

हे झटपट होतं. प्लास्टिकची सरळ कडेची बाटली कापून पर्जन्यमापक करा, गच्चीवर ठेवा, रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी मिलिमीटरमध्ये नोंद घ्या. त्याच दिवसाचे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांवरच्या पावसाचे आकडे वर्तमानपत्रात येतात, ते शेजारी लिहा. घाटाकडे पाऊस जास्त आणि शहरात कमी का, हे मुलांच्या वहीतच उमटतं. समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. आपण नळ उघडतो तेव्हा येणारं पाणी काही महिन्यांपूर्वी समुद्रावरून आलेलं असतं.

विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास पुण्यातल्या अनेक संशोधन संस्था शाळांसाठी दारं उघडतात. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था मान्सून आणि हिंदी महासागरावरच काम करते. जानेवारीतच पत्र पाठवून चौकशी करा.

4. वर्गातले तीन प्रयोग, आणि एक टाळण्यासारखा

गोडं आणि खारं पाणी. एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्राचा खारेपणा साधारण तेवढाच असतो. काचेच्या उंच ग्लासात हे पाणी अर्धं भरा. साध्या पाण्यात खाण्याचा लाल रंग मिसळा आणि चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू वर सोडा. लाल थर वर तरंगत राहतो. खाडीत नदीचं पाणी समुद्राच्या पाण्यावरून कसं पसरतं ते दिसतं. ओतणाऱ्याचा हात हलला की थर मिसळतात, म्हणून दोन-तीन मुलांना करू द्या.

खोलीचा दोर. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर असं प्रमाण धरा. अकरा मीटरचा दोर घ्या आणि शाळेच्या जिन्याच्या पोकळीतून वरच्या मजल्यावरून खाली सोडा. दोराचं वरचं टोक म्हणजे समुद्रसपाटी. 20 सेंटिमीटरवर पिवळी फीत बांधा, त्याखाली सूर्यप्रकाश जेमतेमच पोहोचतो. पावणेचार मीटरच्या जरा अलीकडे महासागरांची सरासरी खोली. खालचं टोक म्हणजे मरियाना गर्ता. आता कठड्याच्या वर 56 सेंटिमीटरची काठी धरा: ही पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. कळसूबाईची काठी 165 सेंटिमीटरची होते. मुलं वर बघतात, खाली बघतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. समुद्रसपाटीपासूनची उंची पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली असते हेही सांगा, पुढच्या वेळी गाडीत बसताना ती पाटी शोधतात.

शिंपला आणि व्हिनेगर. अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकलं की बुडबुडे येतात आणि ते विरघळू लागतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरल्यामुळे शंख-शिंपल्यांना कवच बनवणं जड जातं, हे समजवायला हा प्रयोग चांगला. मात्र त्याच दमात सांगा, की समुद्र काही व्हिनेगर झालेला नाही. त्याचा सामू 8.1 च्या आसपास, म्हणजे अजून अल्कधर्मीच आहे. तो हळूहळू उतरतो आहे, आणि काळजी त्या उतरण्याची आहे.

टाळायचा प्रयोग म्हणजे "समुद्राच्या पाण्यात अंडं तरंगतं". 35 ग्रॅम मिठात ताजं अंडं तळाशीच बसतं, ते तरंगायला मीठ बरंच जास्त लागतं. मग शिक्षक गुपचूप मीठ वाढवतात आणि मुलांच्या डोक्यात समुद्राचं चुकीचं चित्र बसतं.

प्रकल्पासाठी थर्माकोलचा समुद्र आणि चमकीचे मासे मागवू नका. राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर 2018 पासून निर्बंध आहेत, आणि मुलं आपण काय सांगतो त्यापेक्षा काय वापरतो ते जास्त बघतात. जुनी वर्तमानपत्रं, माती, पुठ्ठा पुरतो.

5. मासळी बाजारात जा, पण घरी विचारून

पुण्यात समुद्रातले जीव हाताच्या अंतरावर बघायचे असतील तर गणेश पेठेतला मासळी बाजार किंवा कॅम्पातलं शिवाजी मार्केट. वर्गात बऱ्याच मुलांची घरं शाकाहारी असतात, म्हणून आधी लेखी संमती घ्या. ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी नकाशाचं किंवा कासवांचं काम ठेवा, त्यांना वेगळं पाडू नका. मासे खाणं वाईट किंवा चांगलं असा सूर अजिबात नको. कोकणातल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते.

सकाळी फार लवकर, गर्दीच्या वेळी जाऊ नका, विक्रेत्यांचा धंद्याचा वेळ असतो. आदल्या दिवशी जाऊन एखाद्या मावशींशी बोलून ठेवा. थोडी मासळी विकत घ्या, फुकट बघायला गर्दी करू नका. मुलांच्या हातात एक कागद द्या: मासा कुठल्या बंदरातून आला, तोंड वर आहे की खाली, कल्ल्यांचा रंग कसा, अंगावर पट्टे आहेत का. मावशी ज्या तऱ्हेने बोंबलाचा जबडा उघडून दाखवतात तसं कुठलंही पुस्तक दाखवू शकत नाही. मऊ लिबलिबीत मासा, आणि तोंडात सुयांसारखे आत वळलेले दात. बोंबील डोल जाळ्यात सापडतो. हे जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. भरतीचा धडा शिकवण्याआधी हे सांगून ठेवलंत, तर सातवीचा तो तास खूप सोपा जातो.

पट्टी बरोबर न्याच. 2023 मध्ये राज्य सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. मुलं पापलेटशेजारी पट्टी लावून साडेतेरा सेंटिमीटर मोजतात, तेव्हा लहान मासा म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेला मासा हे त्यांना उमगतं. विक्रेत्याला जाब विचारायला मात्र मुलांना लावू नका. त्याने तो मासा पकडलेला नसतो, आणि लहान पापलेट विकलं जातं ते मागणी आहे म्हणून. ती मागणी करणारी मंडळी मुलांच्या घरात आहेत, तो संवाद घरी होऊ द्या.

6. तिथीवरून भरती काढायला शिका

हे तुम्हाला स्वतःला आलं पाहिजे, कारण सहलीची तारीख यावरच ठरते. किनाऱ्यावरची खडकाळ डबकी उघडी पडतात ती ओहोटीला. भरतीच्या वेळी गेलात तर फक्त पाणी दिसेल.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीची. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास मागे-पुढे. पौर्णिमा किंवा अमावस्येला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. द्वितीयेला दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड, तर ओहोटी सव्वासातच्या सुमारास. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी आठच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला.

अष्टमीची बारा वाजताची ओहोटी पुण्याहून जाणाऱ्यांना सोयीची वाटते आणि तिथेच फसायला होतं. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. म्हणून पौर्णिमेनंतरची किंवा अमावस्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरा: पाणीही खूप मागे जातं आणि वेळ सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, उजेडात येते. अर्थात त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवा.

हा अंदाज आहे. किनाऱ्यागणिक वेळ मागे-पुढे होते, म्हणून जायच्या आधी त्या ठिकाणचं छापील किंवा ऑनलाइन भरतीचं वेळापत्रक बघाच आणि गावातल्या कोळ्याला फोन करून विचारा. वर्गात मुलांना दिनदर्शिका देऊन महिनाभराच्या ओहोटी काढायला लावा आणि मग वेळापत्रकाशी ताडून बघा. गणिताच्या बाई खूश होतात.

7. सहलीची कागदपत्रं

2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती गोष्ट पुण्यातला कुठलाही शिक्षक विसरू शकत नाही, आणि विसरू नये. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, समुद्रकिनाऱ्याबाबत तर फारच. म्हणून पहिलं काम म्हणजे शिक्षण खात्याचं चालू परिपत्रक मागवून शब्दन् शब्द वाचणं. परवानगी अर्जात "समुद्रकिनारा सहल" एवढंच लिहू नका. कुठल्या वेळी, कुठल्या ठिकाणी, पाण्यात कोणीही उतरणार नाही, सोबत कोण, असा तासागणिक कार्यक्रम जोडा.

लागणारे कागद:

- शाळा व्यवस्थापनाची मंजुरी आणि शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी
- प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतीपत्र, त्यात "पाण्यात उतरणार नाही" ही अट स्पष्ट
- मुलांची यादी: रक्तगट, दमा-फिट्स-ॲलर्जी, चालू औषधं, पालकांचे दोन फोन नंबर
- बसचा परवाना, फिटनेस, विमा आणि चालकाच्या लायसन्सची प्रत
- मुक्कामाच्या ठिकाणाचं पत्र, जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर
- सहलीचा विमा

एसटीची बस शालेय सहलीला सवलतीत मिळते. आगारात दीड-दोन महिने आधी अर्ज द्या, डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळत नाहीत.

परवानगी नाकारली तर शाळेचं नाव न लावता गुपचूप जाण्याचा विचारही करू नका. पालकांनी आपापल्या मुलांना घेऊन कुटुंब म्हणून जावं, शाळेने फक्त निरीक्षणाची वही द्यावी, हा रास्त मार्ग आहे. किंवा नवी मुंबईत ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बघा. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो आणि कांदळवन तिथे सुरक्षितपणे बघता येतं. लहान वर्गांसाठी मला तेच जास्त पसंत आहे.

8. किनाऱ्यावर

पुण्याहून अलिबाग सोयीचं. खोपोली-पेणमार्गे चारेक तास लागतात. कुलाबा किल्ल्याच्या आजूबाजूचे खडक ओहोटीला उघडे पडतात. ताम्हिणीतून दिवेआगर, श्रीवर्धनकडे गेलात तर लांबलचक वाळू मिळेल, पण खडकांवरचे जीव कमी. हरिहरेश्वरचे खडक देखणे आहेत, तिथल्या लाटा मात्र अचानक अंगावर येतात. मुलांना घेऊन तिथे खडकांवर उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर पोहोचा आणि भरती लागताच परत फिरायचं हे आधीच ठरवून ठेवा. पाणी फिरलं की एकाने शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी निघायचं, फोटो अर्धवट राहिला तरी. किल्ल्यात रमून भरतीत अडकणारे लोक दरवर्षी असतात. सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, आणि पाण्याच्या बाजूला कायम मोठ्यांनीच उभं राहायचं.

बरोबर न्यायचं सामान: मागे पट्टा असलेले जुने बूट किंवा सँडल (चपला शेवाळावर सटकतात आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात), भिंग, पांढरी वाटी, पाटी-पेन्सिल, टोपी, पाणी, प्रथमोपचार पेटी, शिट्टी आणि दोर.

मुलांना धावू देऊ नका. चारचारच्या गटाला एक डबकं द्या आणि दहा मिनिटं नुसतं उकिडवं बसवा. पहिली दोन मिनिटं "इथे काहीच नाही" म्हणतात. मग एक शंख चालायला लागतो. संन्यासी खेकडा असतो तो, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. कोणी श्वास रोखून बसलं तर तो आधी दोन मिशा, मग एक निळसर नांगी बाहेर काढतो आणि सावली पडली की चटकन आत. समुद्रफुलं पाण्यात फुललेली दिसतात, पाणी ओसरलं की जेलीच्या गोळ्यासारखी मिटतात. खाडीच्या चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसल्या तर मुलांना विचारा, हा मासा पाण्याबाहेर कसा?

काही नियम मी अजिबात सैल करत नाही. दगड उलटला तर जसा होता तसाच ठेवायचा, त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. तारामासा पाण्याबाहेर काढून फोटो नाही. जेलीफिश मेलेली दिसली तरी हात नाही. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख उचलायचे नाहीत, काहींच्या आत विषारी काटा असतो. आणि रिकामे शंखही घरी आणायचे नाहीत. पालक इथे नाराज होतात, "एवढे पडलेत, एक घेतला तर काय?" म्हणतात. मुलंच त्यांना संन्यासी खेकड्याचं घर समजावून सांगतात. शिवाय प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, ते बाळगणं गुन्हा ठरतो.

जीवांच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या ॲपवर चढवता येतात आणि जाणकार लोक नाव सुचवतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे स्वतःचं खातं काढता येत नाही, म्हणून शिक्षकाच्या खात्यावरून करा आणि मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका.

9. कासवं बघायला जाणार असाल तर

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आता कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर हे काम चालतं. अंडी साधारण 45 ते 60 दिवसांत उबतात, पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास बाहेर पडतात आणि सकाळ-संध्याकाळी पाण्यात सोडली जातात. तारखा गावातून विचारूनच जा. पिल्लं दिसतीलच अशी खात्री कोणी देत नाही. हे मुलांना बसमध्ये बसायच्या आधी सांगा, नाहीतर रडारड होते. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश नाही, टॉर्च नाही, हात लावणं नाही.

परत आल्यावर भिंतीवरच्या नकाशाकडे जा. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून ती कोकणात आली होती. आपल्या मुठेचा धागाही त्याच उपसागरात संपतो. माझ्या वर्गात कचऱ्याचा विषय याच तासाला निघतो, आणि तो मुलं काढतात.

10. राखण पुण्यातच करायची

एकदा किनारा साफ करून फोटो काढण्यापेक्षा शाळेजवळचा ओढा-नाला वर्षभर बघणं जास्त मोलाचं आहे. आंबील ओढा असो, नागझरी असो, तुमच्या भागातलं जे काही मुठेला मिळतं ते. महिन्यातून एकदा, पुलावरून किंवा काठाच्या सुरक्षित जागेवरून, ठरलेल्या पंधरा मिनिटांत काय वाहताना आणि अडकलेलं दिसतं ते मोजा: गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, बाटल्यांची झाकणं, निर्माल्याच्या पिशव्या. नाल्यात मुलांना उतरवायचं नाही. जीवितनदीसारख्या संस्था नदीकाठी मुलांना घेऊन फिरतात, त्यांच्याशी बोललात तर पहिली खेप सोपी जाते.

तीन-चार महिन्यांच्या नोंदी जमल्या की मुलांनी त्यातली एकच गोष्ट निवडायची. सगळं एकदम बदलायला निघालात तर काहीच होत नाही. शाळेच्या कँटीनमधली पाकिटं असतील तर सुटे शेंगदाणे-चणे डब्यातून द्यायला लावणं, निर्माल्य असेल तर सोसायटीत वेगळी टोपली, पुलाची जाळी तुटलेली असेल तर क्षेत्रीय कार्यालयाला आकड्यांसह पत्र. पत्राची पोच घ्यायला मुलांनाच पाठवा, अर्थात बरोबर मोठं माणूस देऊन. गणपतीच्या आधी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटने कशी विरघळते हे प्रयोगशाळेत दाखवता येतं. घरात काय करायचं ते घरचे ठरवतील, मुलांना आईवडिलांशी भांडायला लावू नका.

पुढच्या वर्षीचं नियोजन एप्रिलमध्येच करा: जूनमध्ये नकाशा आणि पर्जन्यमापक, श्रावणात नारळी पौर्णिमा, दिवाळीपूर्वी बाजार, डिसेंबर-जानेवारीत द्वितीया-तृतीया बघून किनारा, आणि नाल्याची मोजणी बाराही महिने, सुट्टीत जवळ राहणाऱ्या मुलांकडून. नोंदवह्या फेकू नका. सातवीच्या मुलांनी नव्या सहावीला पहिला तास स्वतः घ्यावा, वही हातात घेऊन. बाटली कुठे जाते हा प्रश्नही त्यांनाच विचारू द्या.